दाताखालचं बी

कपिलतीर्थ मार्केटात मंगळवारी सकाळी
रिटायर्ड कंडक्टर दत्तोबा इंगवले भांडत होते.
"केळं हाय का खडीची खाण?
दाढ हालली की माझी!"
हलिमा बागवान फणी पुसत म्हणाली,
"जवारी हाय काका. जवारीत कवातरी निघतंय.
खडा न्हवं त्यो. बी हाय."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

अकरा वर्षं मी केळी बनवते.
पिकवत नाही, बनवते.
शिरोलीच्या पुढं, गार खोलीत, तोंडाला मास्क लावून
कंदाचा शेंगदाण्याएवढा कोंभ कापते
आणि बाटलीतल्या खळीत उभा करते.
एकाचे चार, चाराचे सोळा.
ट्रेवर लिहायचं : जी-नाईन, तारीख, सही.
वर्षाला लाखभर रोपं जातात
वारणाकाठी, पंचगंगेच्या मळीत,
आणि त्या लाखात दुसरं कुणी नसतं.
तीच एक. पुन्हा तीच.

बी मी कधी बघितलंच नव्हतं.

ट्रेनिंगला साहेबांनी नकाशा लावला होता :
समुद्रापलीकडची बेटं, दमट रानं.
तिथं केळं म्हणजे काळ्या बियांची पिशवी,
गर नावापुरता.
वटवाघळं खायची. पोरं चोखून थुंकायची.
मग कुणीतरी, तिचं नाव कुठंच नाही,
एका झाडाशी थांबली
जिच्या फळात थुंकायला कमी लागत होतं.
मुनवा खणला, दाराशी लावला.
तिच्या लेकीनं त्यातलीही
आणखी कमी बियांची निवडली.
हजारो वर्षं चाललं ते एवढंच.
पुढं कुठंतरी दोन जातींची गाठ पडली,
एकीचा गोडवा, दुसरीचा काटकपणा,
आणि पोटी आलं ते तीन हिश्श्यांचं.
तिनाची दोघांत वाटणी करायला गेलं
की एक उरतो, मोड काही जुळत नाही,
म्हणून बी धरत नाही.
"थोडक्यात," साहेब म्हणाले, "केळ वांझ आहे."
मागून बाटल्या धुणारी तानूबाई हळूच बोलली,
"वांझ कशी? बुडाशी पोरं बघा की किती."

साहेबांनी पुढची स्लाईड लावली.
अशीच एक जात आधी जगभर गेलेली,
सगळ्या बागांत तीच.
मुळातनं बुरशी चढली
आणि एकीला जे मारतं ते सगळ्यांना.
बाजारातनं ती उठली, तिच्या जागी ही आली.
हिच्या नावाचा अर्थ म्हणे थोराड बुटकी.
हसलो होतो आम्ही.

"काका, ते बी मला द्या."
"थुकलो की."

मग आम्ही तिघं वाकलो.
नारळाच्या शेंड्या, झेंडूचा चिखल,
हलिमानं मोबाईलचा टॉर्च धरला.
सापडलं दत्तोबांना :
बत्तीस वर्षं सीटखालची नाणी शोधलेली नजर.
काळं, मिऱ्याहून थोडं मोठं, एका अंगानं चपटं.
पैसे विचारले तर हलिमा म्हणाली,
"बियाचं कसलं पैसं?
उगवलं तर एक फणी आणून दे."

लॅबमध्ये नेता येत नाही.
तिथं नवं काही म्हणजे घाण.
दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरली,
बी कानशीवर जरा घासलं, बोटभर खाली पुरलं,
कट्ट्यावर ठेवलं, कुकरच्या उबेला.
हाताला सवय, म्हणून डब्यावर पट्टी चिकटवली,
तारीख घातली, सही केली.
जातीची जागा मोकळी राहिली.

आज सत्तेचाळिसावा दिवस. माती तशीच.
साहेबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते,
हजारो घड हातानं फळवतात लोक,
गर चाळणीतनं गाळतात,
तेव्हा मूठभर बिया मिळतात,
त्यातल्याही बऱ्याच पोकळ.
सांगितलं नाही.

दर मंगळवारी दत्तोबा मार्केटात गाठतात.
"काय ओ, माझं उगवलं का?"
विचारताना जीभ अजून
त्या दाढेवरनं फिरत असते.